रविवारचा आराम

खेमराज सरांना गावात कोणी वाईट म्हणणार नाही, आणि हीच तर सगळी पंचाईत आहे. माणूस वाईट असता तर दोन शिव्या हासडून गोष्ट तिथंच संपवता आली असती. पण बिरसीच्या विमानतळाच्या भिंतीला लागून जो रस्ता जातो, त्यावर पहाटे पोरींना फुकटात पळायला शिकवणारा हा एकटाच बाप्पा. सर हे नुसतं म्हणायला, तो कुठल्या शाळेत मास्तर नव्हता. बापजाद्यांची धानाची शेती होती, ती बघायचा. तरुणपणी त्याला फौजेत जायचं होतं. भरतीत पळण्यात पहिला यायचा आणि छातीच्या मापाला मागं पडायचा. भरतीचं वय निघून गेलं, तेव्हा राहिलेलं पळणं त्यानं गावातल्या पोरींच्या पायांत घातलं.

त्या पोरींमध्ये केवळरामची मोनाली होती. केवळराम म्हणजे चौकातला सायकल दुरुस्तीवाला. आधी तो शेतमजूर होता, धानाची पोती उचलता उचलता कंबर गेली, तेव्हापासून पंक्चर काढत बसला. त्याची बायको कलाबाई गावातल्या बायांच्या टोळीची पुढारी. आषाढ लागला की या टोळीला घरचं सुचत नाही; आज याची बांधी, उद्या त्याची बांधी, बांध घातलेल्या त्या खाचरांतल्या चिखलात वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, रोवत जायचं. मोनालीची बारावी झाली तशी कलाबाई तिला सोबत घेऊन निघाली होती. केवळराम दारात आडवा झाला. त्यानं पोरीला सायकलच्या कॅरियरवर बसवलं आणि थेट खेमराजच्या अंगणात आणून उतरवलं.

"भाऊ, हिले पळवा," तो म्हणाला. "शाळेत हिच्या पुढं पोट्टेही नाही टिकत. पण माझी एक अट आहे. ही कोणाच्या बांधीत वाकणार नाही. माझी माय वाकली, बायको वाकून राहिली. हिच्यापासून ते बंद."

खेमराजनं त्या दिवशी शब्द दिला. आणि शब्द देताना तो खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे, कारण पुढं त्याच्या बाजूनं सांगण्यासारखं फार उरत नाही.

मोनाली पळायची म्हणजे काय पळायची! बाकीच्या पोरी धापा टाकत भिंतीला टेकायच्या तेव्हा ही परत फिरून त्यांना आणायला जायची. तिचा बाप पहाटे सायकल घेऊन तिच्या मागं असायचा. अंधारात पोरगी एकटी नको म्हणून सुरुवात झाली, नंतर ते त्याचंच वेड होऊन बसलं. कॅरियरला पाण्याची बाटली, हँडलला टॉर्च. लांब पळायच्या दिवशी नागऱ्याच्या शंकराच्या देवळापर्यंत जाऊन यायचं, तर हा गडी दुखरी कंबर घेऊन पुरा रस्ता पायडल मारायचा आणि मागून ओरडायचा, हळू वं, हळू, दम ठेव. बौद्ध विहारातल्या बैठकीतही जो कधी तोंड उघडून बोलला नाही तो माणूस चौकात पंक्चर काढता काढता येणाऱ्या-जाणाऱ्याला पोरीची वेळ सांगायचा.

पहिल्या हिवाळ्यात मोनाली जिल्ह्याची क्रॉस-कंट्री जिंकली. क्रॉस-कंट्री म्हणजे मैदानावर गोल गोल नाही, रानातून, चढउतारावरून, लांबच लांब पळायचं. आता पुढं, पावसाळ्यानंतर, नागपूरची निवड होती, ती निघाली की राज्याचा संघ, आणि राज्याला नाव लागलं की खेळाडूंच्या जागेतून वनखात्यात नोकरीचा रस्ता उघडत होता. नागझिऱ्याच्या जंगलात खाकी घालून फिरायचं, असं मोनालीनं ठरवूनही टाकलं होतं. खेमराज म्हणायचा, ही पोरगी जाणार. आणि तो काही उगाच म्हणत नव्हता.

आता मूळ गोष्टीवर येतो. खेमराजला पळवणं येत होतं, थांबवणं येत नव्हतं. त्याच्या काळी आराम म्हणजे आळस. मग हाती मोबाइल आला. त्यात तो रोज जेवण झाल्यावर शहरातल्या, परदेशातल्या मोठमोठ्या प्रशिक्षकांचे व्हिडिओ बघायला लागला. त्यांचं सगळ्यांचं एकच पालुपद: अंग पळताना तयार होत नाही, पळून झाल्यावर आराम करताना तयार होतं. हे त्याला फार पटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पोरींना भिंतीजवळ बसवून जाहीर केलं की यापुढं रविवारी पूर्ण आराम. पोरी खूश झाल्या. पण रविवारी घरी राहिलं तर घरची कामं चुकत नाहीत, म्हणून त्या सरांच्याच घरी जमायला लागल्या. मोबाइलवर शर्यती बघायच्या, सरांच्या बायकोच्या, शामकलाबाईंच्या हातचे पोहे खायचे, दुपारी घरी जायचं.

जिल्ह्याच्या शर्यतीनंतरच्या आषाढात पाऊस एकदम पडला. सगळ्यांच्या बांध्या एकाच वेळी तयार झाल्या आणि रोवणीला बाया मिळेनात. खेमराजचे पऱ्हे उपटून, पेंढ्या बांधून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पडले होते. उपटलेले पऱ्हे फार वाट बघत नाहीत. दोन उन्हं लागली की पिवळे पडतात. शामकलाबाई दोन-चार बायांना घेऊन चिखलात होती. तो रविवार होता. पोरी घरी आल्या, घराला कुलूप, म्हणून शेतावर आल्या. बाईंना वाकलेलं बघून मोनालीनंच पहिल्यांदा सलवार वर खोचली आणि हसत हसत बांधीत उतरली. तिच्या मागं सगळ्या.

त्या क्षणी खेमराजनं फक्त तिचा दंड धरून तिला धुऱ्यावर घ्यायचं होतं. केवळरामचा शब्द त्याला आठवला. आठवला नाही असं कोणी म्हणू नये. पण समोर पिवळे पडणारे पऱ्हेही होते. आणि माणसाला आपल्या सोयीचं शहाणपण कसं वेळेवर सुचतं बघा: त्याला तो व्हिडिओ आठवला. त्यात मोठमोठे धावपटू पळून आल्यावर बर्फाच्या टबात पाय बुडवून बसले होते. थंड पाण्यानं पायाची सूज उतरते, म्हणे. खेमराजच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपली बांधी म्हणजे आपला टबच की! गार पाणी, मऊ चिखल. पळणं नाही, डांबरी रस्त्याचा मार नाही. हा तर आरामच झाला.

त्यानं पोरींनाही तसंच समजावलं. पोरींना काय, सर म्हणतील ते खरं. शिवाय मजाच होती, गाणी म्हणत रोवायचं, बांधीत पाणी उडवायचं, धुऱ्यावर बसून भात आणि वांग्याची भाजी खायची. पुढच्या रविवारी त्या न सांगता आल्या. सरांची रोवणी म्हणजे आपली रोवणी, असं होऊन गेलं. सर आपल्याला फुकट शिकवतात, मग एवढंही करू नये? गुरूच्या घरचं काम कोणी काम समजत नाही, आपल्याकडं तरी नाही. विमानतळावरच्या वैमानिकांच्या शाळेची विमानं डोक्यावर घिरट्या घालायची, त्यात शिकणारी पोरं वरून काय बघत असतील कोण जाणे.

एकटी शामकलाबाई कुरकुरली. ती लहानपणापासून माहेरी रोवत आलेली. रात्रीच्या जेवणाला वाढता वाढता तिनं नवऱ्याला विचारलं की आठवडाभर पळवता, अन् आरामाच्या दिवशी वाकवता, हा कोणता आराम जी? खेमराजनं तिला टबाचं शास्त्र सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुम्ही एक दिवस वाकून पाहा, मंग सांगा. खेमराज हसला. आता यात त्याचाही दोष किती म्हणावा? आपल्या झाडीपट्टीत गडीमाणूस नांगरतो, चिखल करतो, पेंढ्या फेकतो. वाकून रोवणं हे बायांचं. चाळिशी ओलांडलेल्या खेमराजनं जन्मात कधी एक ओळ रोवली नव्हती. धुऱ्यावर उभं राहून बघितलं तर रोवणी खरंच सोपी दिसते.

मोनाली घरी जाताना बोअरवेलवर पाय घासून घासून धुवायची. नखात चिखल राहू द्यायची नाही. बापाला तिनं एवढंच सांगितलेलं की रविवारी सगळ्या पोरी सरांच्या इथं असतात. खेमराजनं तिला पाय धुताना बघितलं होतं आणि तोंड दुसरीकडं फिरवलं होतं.

रोवणीचे दिवस संपत आले तेव्हा मोनाली एकदा पळून झाल्यावर खाली बसून पायाची नळी दाबत होती. सर, इथं आतून ठणकते, म्हणाली. खेमराजनं हात लावून बघितलं. त्याला वाटलं नवीन जोड्यांचं असेल. नागपूरची निवड तोंडावर आली होती, अशा वेळी पोरीच्या मनात भीती घालायची नाही, असंही त्याचं एक शास्त्र होतं. घरी कलाबाईनं टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल गरम करून चोळलं. आणि रविवारी खेमराज स्वतःच्या तोंडानं म्हणाला, चिखलात उभी राहा थोडा वेळ, उतरून जाईल. देवा, माणसाची जीभ कधी कधी आधीच झडून का पडत नाही?

नागपूरला ती सुरुवातीपासून पुढच्या घोळक्यात होती. केवळराम दुकान बंद करून आला होता, कलाबाईनं पहिल्यांदाच नागपूर बघितलं. शेवटच्या फेरीत उतार उतरताना मोनाली मध्येच खाली बसली. पडली नाही, बसली. उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसली. तिच्या बाजूनं एकेक करून सगळ्या पोरी निघून गेल्या. केवळराम दोरीखालून घुसून धावला, आणि त्या दुखऱ्या कमरेवर पोरीला उचलून बाहेर आणलं.

गोंदियात हाडाच्या डॉक्टरकडं नेलं तेव्हा खेमराज सोबत होता. डॉक्टरनं फोटो काढला, दिव्यावर धरून बघितला. नळीच्या हाडाला बारीक तडा गेला होता. एका दिवसात पडलेला नाही, म्हणाला, थोडा थोडा करत पडला आहे. जास्त ताण आणि कमी आराम, असं झालं की पडतो. बाहेर पेशंटची रांग लागली होती, त्यानं पटापट विचारायला सुरुवात केली. रोज किती पळते, कशावर पळते, खाते काय. मग विचारलं की हफ्त्यात आराम किती?

मोनालीनं एकदा खेमराजकडं बघितलं. एका बाजूला बाप, एका बाजूला सर. "रविवारी पूर्ण आराम असते," ती म्हणाली.

डॉक्टरनं मान वर केली. "क्यों सर? पूरा आराम देते हो?"

आता सगळं त्या एका प्रश्नावर येऊन थांबलं होतं. खेमराजच्या डोळ्यांपुढं एका दमात सगळं उभं राहिलं, ती वाकलेली पाठ, चिखलातून उपसून पुन्हा रुतणारा पाय, पाय धुणारी पोरगी, शामकलाचं बोलणं. आत्ता, याच क्षणी त्याला कळलं होतं. पण शेजारच्या खुर्चीवर केवळराम बसला होता. गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून, शाळेतल्या पोरासारखा. तो खेमराजकडं असा बघत होता की सर आहेत, सर सांगतील.

"हो," खेमराज म्हणाला. "रविवारी पूर्ण आराम."

डॉक्टरनं फोटो पाकिटात टाकला. मग हड्डीच कच्ची आहे पोरीची, म्हणाला. काही जणांची असते जन्मापासून. बरी होईल, पण पळण्याच्या भानगडीत पुन्हा पडू नका. आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. झालं. एवढ्यावर एका पोरीचा निकाल लागला. डॉक्टरला काय बोल लावायचा, त्याला जे सांगितलं त्यावरून त्यानं सांगितलं.

पाय बरा झाला. पण पळणं संपलं ते संपलं. केवळरामनं पळायचे जोडे प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकले. कच्च्या हाडाच्या पोरीला पळवून आपणच तिचा घात केला असता, असं तो लोकांना सांगायचा. खेमराजचे तर त्यानं आभार मानले, सरांनी वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून. खेमराजनं ते आभार ऐकून घेतले आणि घरी येऊन जेवला नाही. उद्या सांगू, परवा सांगू, करत हिवाळा गेला, उन्हाळा गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण त्याची मूठ झाकून झाकून आतून कुजत होती. त्यानं एक केलं. बाकीच्या पोरींना सांगून टाकलं की यंदा रविवारी शेतावर यायचं नाही, मी रोवणी टोळीला गुत्त्यानं, ठरावीक पैशांवर, देणार आहे. काऊन, ते सांगितलं नाही. बैल गेला अन् झोपा केला, आणि तोही कोणाला न दिसेल असा.

यंदा आषाढात कलाबाईची टोळी त्याच्या बांधीवर आली. खेमराज चहाची किटली घेऊन धुऱ्यावर गेला, आणि ओळीच्या मधोमध मोनाली वाकलेली दिसली. आईचा गुडघा धरला होता, ती येत होती पण तिचा हात मागं पडत होता, म्हणून ती गेले कितीक दिवस सगळ्यांच्याच बांध्यांवर जात होती. आता केवळराम दारात आडवा होत नव्हता. पळणार नाही, तर पोरगी घरी बसून काय करणार?

चहाला सगळ्या बाया धुऱ्यावर आल्या. खेमराजनं तिला कप देता देता पाय कसा आहे विचारलं. बरा आहे, म्हणाली. मग त्याचं उतरलेलं तोंड बघून तीच त्याची समजूत काढायला लागली.

"तुम्ही कायले मनाले लावता सर? माझं हाडच कच्चं होतं. तुम्ही त बिचारे रविवारी आराम द्यायचे."

ती थट्टा करत नव्हती. तीच तर गोम होती. पायाचा चिखल धुवून लपवायची ती बापाच्या अटीपायी, पण त्या पोरीला सरांच्या बांधीतले रविवार खरोखर आराम वाटले होते. तिनं डॉक्टरला खोटं सांगितलंच नव्हतं. त्या खोलीत खोटं बोलणारा एकच माणूस होता. खेमराजच्या हातात किटली होती ती त्यानं खाली ठेवली आणि कोणाला काही न सांगता तसाच चौकाकडं निघाला.

केवळराम सायकलची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून भोक शोधत बसला होता. जयभीम भाऊ, म्हणून त्यानं स्टूल पुढं केलं. खेमराज बसला नाही. उभ्या उभ्या त्यानं सगळं सांगितलं, पहिल्या रविवारपासून डॉक्टरच्या खुर्चीपर्यंत. बर्फाच्या टबाचंही सांगितलं, आणि सांगताना त्याची त्यालाच शिसारी आली. घमेल्यात ट्यूबमधून बुडबुडे येत होते, केवळराम त्यांच्याकडं बघत राहिला, पण बोट ठेवून भोक दाबलं नाही.

मग त्यानं विचारलं, "म्हणजे हाड पक्कं होतं?"

"पक्कंच होतं."

"अन् तुम्ही तिथं बाजूलेच बसून होते."

खेमराजनं मान हलवली. त्याला वाटलं आता हा पाना उचलून मारेल. मारला असता तर बरं झालं असतं. पण केवळरामनं ट्यूब बाहेर काढली, फडक्यानं पुसली, पुन्हा पुन्हा पुसली.

"भाऊ," तो म्हणाला, "त्या दिवसापासून मी कलाले बोलून राहिलो. म्हटलं, ही पोटात होती तेव्हा तू नीट खाल्लं नाही, म्हणून पोरीचं हाड कच्चं निघालं. जेवाले बसलो का म्हणे. पाहुणा आला का त्याच्यापुढं म्हणे. वर्ष झालं. ती एक शब्द बोलली नाही, खाली मान घालून ऐकून घेते. तिलेही ते खरंच वाटते." त्यानं फडकं खाली टाकलं. "हे मले सांगून काय होते? तिले सांगा."

खेमराजला हे कधी स्वप्नातही आलं नव्हतं. त्याच्या हिशेबात नुकसान एका पोरीचं होतं. आपल्या एका 'हो'नं एक बाई वर्षभर स्वतःच्या पोटाला दोष देत जेवली, हे त्याला कोण सांगणार होतं?

दिवस मावळायच्या आत तो त्यांच्या अंगणात गेला. कलाबाई नुकतीच त्याच्याच बांधीतून आली होती आणि दगडावर बसून पायाचा चिखल धूत होती. मोनाली चुलीपाशी होती. केवळराम त्याच्या मागोमाग आला आणि दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. खेमराजनं दुसऱ्यांदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं, ते काही गेलं नाही.

कलाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "म्हणजे माझ्या पोटातून ती पक्कीच आली होती?" तिनं विचारलं.

"पक्कीच आली होती बाई."

ती रडली नाही. नवऱ्याकडंही बघितलं नाही. उरलेलं पाणी पायावर ओतलं आणि दुसरा पाय धुवायला घेतला, पण तो आधीच धुऊन झाला होता. केवळराम चौकटीला घासत हळूहळू खाली बसला आणि त्यानं तोंड गुडघ्यात घातलं.

मोनाली चुलीपाशी उठून उभी राहिली होती. खेमराज तिला म्हणाला की हाड जुळलं आहे, पुन्हा हळूहळू सुरू करता येईल, मी नीट करून घेईन, आता मला आराम म्हणजे काय ते कळलं आहे. बोलता बोलता त्यालाच आपले शब्द पोकळ वाटायला लागले.

"सर, मले पायाची भीती नाही वाटत," ती म्हणाली. "पण पळताना मांगून आवाज येत होता, बाबाचा अन् तुमचा. तुम्ही दोघं म्हणाल ते खरं, असं समजून पळत होतो मी. आता ते कुठून आणू?"

खेमराज घरी आला.

दुसऱ्या दिवशी टोळी त्याच्या बांधीवर आली नाही. भांडण नाही, निरोप नाही. बाया त्याच्या धुऱ्यावरूनच पलीकडच्या बांधीत गेल्या. अर्धं शेत व्हायचं होतं आणि उपटलेल्या पेंढ्या पडून होत्या. शामकलाबाईनं पदर खोचला आणि मुकाट्यानं उतरली. खेमराज थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं धोतर वर घेतलं, आणि जन्मात पहिल्यांदा हातात पऱ्हे घेऊन वाकला.

पहिली ओळ लागेपर्यंत पाठीत कळ आली. दुसऱ्या ओळीला पोटऱ्या ताठरल्या. चिखलातून पाय उपसायचा, मागं टाकायचा, तो पुन्हा रुततो, आणि कंबर तेवढीच वाकलेली. उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. शामकलाबाई पुढं निघून गेली होती. तिनं वळून बघितलं, पण एका अक्षरानं टोचलं नाही. बाई शहाणी, तिला कळत होतं की आता टोचायची गरज नाही. संध्याकाळी खेमराज घरापर्यंत चालत आला तो भिंती धरधरून.

आणि सवयीनं पहाटे उठला. रस्त्यावर आला. आरामाचा दिवस होता, पोरी नव्हत्या. त्याला बघायचं होतं. विमानतळाच्या भिंतीपासून त्यानं पळायला सुरुवात केली आणि भिंत संपायच्या आत त्याचे पाय लाकडं झाले. नळीच्या हाडात आतून ठणका उठत होता, नेमका तिथंच जिथं मोनालीनं बोट ठेवून दाखवलं होतं. तो खाली बसला. एका दिवसाच्या रोवणीनं ही गत. आणि तिला तर दुसऱ्या पहाटे उठवून तोच नागऱ्यापर्यंत पळवत होता, वर म्हणत होता, आराम झाला ना, आता जोर लावा.

उजाडता उजाडता सायकलची चेन वाजली. केवळराम होता, दुकान उघडायला निघालेला. खेमराजला रस्त्याच्या कडेला पाय धरून बसलेला बघून त्यानं ब्रेक लावला, एक पाय खाली टेकवला. कॅरियरला पाण्याची बाटली अजून बांधलेलीच होती, ती त्यानं सोडली आणि खेमराजच्या हातात दिली.

"आज रविवार आहे भाऊ," तो म्हणाला. "आराम करा."

त्यात टोमणा होता की माया, ते खेमराजला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क त्याच्याजवळ राहिला नव्हता. केवळराम पायडल मारत निघाला. जुन्या सवयीनं तो अजूनही हळूच चालवत होता, पुढं पळणाऱ्याच्या पायांबरोबर चालवावी तशी. सायकलच्या पुढं कोणी पळत नव्हतं.